एकाच संगणकावरचे दोन प्रोग्राम आणि रिअल-टाइम इथरनेट: शेजारच्या प्रोग्रामला निरोप कसा द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा. एका औद्योगिक संगणकावर प्रीएम्प्ट-आरटी लिनक्स (कामं ठरल्या वेळेत व्हावीत म्हणून बदललेलं लिनक्स) आहे. कंट्रोलचा प्रोग्राम दर १ मिलिसेकंदाला ड्राइव्ह (मोटर चालवणारी उपकरणं) आणि आय-ओ मॉड्यूल्सशी कच्च्या इथरनेट फ्रेमनी बोलतो. आयपी नाही, स्वतःचा इथरटाइप (फ्रेम कोणत्या प्रोटोकॉलची ते सांगणारा तिच्यातला क्रमांक). कॅमेऱ्यावरून जागेची दुरुस्ती काढून दर सायकलला एक आकडा देणारा दुसरा प्रोग्राम पूर्वी वेगळ्या संगणकावर होता आणि त्याच नेटवर्कवरून, तशाच फ्रेमनी, कंट्रोलशी बोलायचा. ते सुरळीत चाललं होतं. आता दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर आणल्यावर फ्रेम पोहोचतच नाहीत, वायरशार्क या फ्रेम दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र त्या दिसतात. म्हणून यूडीपी लूपबॅक (संगणकाची स्वतःलाच पॅकेट पाठवायची आतली वाट) वापरून पाहिला. आकडे पोहोचतात, पण काही तासांतून एकदा ३–४ मिलिसेकंद उशीर होतो आणि ड्राइव्ह फॉलोइंग एरर (सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक मर्यादेबाहेर गेला) दाखवून थांबतो. मग एकाच संगणकावरच्या दोन प्रोग्रामनी रिअल-टाइम इथरनेटवरून बोलायचं कसं?

माझं उत्तर: त्या नेटवर्कवरून बोलायचंच नाही. संगणकाच्या आतला निरोप शेअर्ड मेमरीतून (दोन्ही प्रोग्रामना दिसणारी सामाईक मेमरी) द्या, कुणीही कुणासाठी थांबणार नाही अशा पद्धतीने द्या, आणि प्रत्येक आकड्यावर तो कोणत्या सायकलचा आहे ते लिहा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. वेगळ्या संगणकावरून येणाऱ्या आकड्याला नेटवर्कने आपोआप एक वेळ बांधून दिलेली होती. प्रोग्राम एकत्र आणताना तार गेली, तिच्याबरोबर ती वेळही गेली. ती आता तुम्हाला हाताने बांधावी लागेल.

आधी फ्रेम का पोहोचत नाहीत ते बघू, कारण वायरशार्कमुळे इथे बऱ्याच जणांचे दिवस वाया जातात.

तुम्ही फ्रेमवर पाठवणारा आणि घेणारा म्हणून एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) लिहिता आणि ती नेटवर्क कार्डाकडे देता. साधं कार्ड ती मुकाट्याने तारेवर टाकतं. हा पत्ता आपलाच आहे, तर परत आत घ्यावी, असं ते करत नाही. फ्रेम स्विचकडे जाते. स्विचने तो मॅक पत्ता याच पोर्टमागे आहे हे आधीच शिकून ठेवलेलं असतं, आणि ज्या पोर्टवरून फ्रेम आली त्याच पोर्टवर ती परत पाठवायची नाही हा ब्रिजिंगचा मूळ नियम आहे. त्यामुळे फ्रेम तिथेच टाकून दिली जाते. ब्रॉडकास्ट केलात तरी ती बाकीच्या सगळ्या पोर्टवर जाईल, तुमच्या पोर्टवर येणार नाही. हेअरपिन नावाची (आल्या पोर्टवरच परत पाठवायची) सोय असलेले स्विच याला अपवाद आहेत, पण रिअल-टाइम नेटवर्कमध्ये त्यावर विसंबू नये.

मग वायरशार्कला ती कशी दिसते? लिनक्समध्ये पॅकेट सॉकेट (कच्च्या फ्रेम घ्यायची-द्यायची खिडकी) दोन प्रकारे उघडता येतं: एखाद्या ठरावीक इथरटाइपसाठी, किंवा सगळ्या प्रोटोकॉलसाठी. बाहेर जाणाऱ्या फ्रेमची प्रत कर्नेल (लिनक्सचा गाभा) फक्त दुसऱ्या प्रकारच्या सॉकेटला देतो. वायरशार्क त्या प्रकारचं सॉकेट उघडतो. तुमचा कंट्रोल प्रोग्राम स्वतःच्या इथरटाइपवर बसलेला असतो, त्याला फक्त आत येणाऱ्या फ्रेम मिळतात. म्हणजे वायरशार्क खोटं सांगत नाही. ‘ही फ्रेम बाहेर निघाली’ एवढंच तो सांगतो, आणि आपण त्याचा अर्थ ‘ही फ्रेम पोहोचली’ असा घेतो.

हे कळल्यावर काही जण कंट्रोलचं सॉकेटही ‘सगळे प्रोटोकॉल’ असं उघडून बाहेर जाणाऱ्या फ्रेम उचलायला लागतात. चालतं, पण करू नका. त्या कार्डावरून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट मग कंट्रोलच्या रांगेत येतं, आणि ज्या वाटेवर तुम्हाला एकेक मायक्रोसेकंद मोजायचा आहे त्याच वाटेवर प्रती काढण्याचं काम वाढतं.

इथरकॅट हे औद्योगिक रिअल-टाइम इथरनेट वापरणाऱ्यांना इथे वेगळा मोह होतो. तिथे फ्रेम सगळ्या स्लेव्हमधून (जोडलेली उपकरणं) फिरून मास्टरकडेच (फ्रेम पाठवणारा संगणक) परत येते, मग तिच्यातून शेजारच्या प्रोग्रामलाही आकडा का देऊ नये? परत येते ती तुमचीच फ्रेम असते. स्लेव्ह तिच्यातल्या पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यातला एक बिट बदलतो, त्यावरून मास्टरला गेलेली आणि परतलेली फ्रेम वेगळी ओळखता येते. पण ती उघडायचा अधिकार मास्टरचा. लिनक्सवरच्या इथरलॅबच्या मास्टरमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम मास्टर आरक्षित करू शकतो. दुसऱ्याला उघडून पाहता येतं, एसडीओ (उपकरणांच्या सेटिंगचे आकडे) वाचता येतात, सायकलमधला डेटा ताब्यात घेता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. तारेचा मालक एकच असावा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून मागून घ्यावं.

आता लूपबॅक. एक गैरसमज आधी दूर करतो. ‘मी १२७.०.०.१ नाही वापरत, कार्डाचाच आयपी पत्ता वापरतो, म्हणजे पॅकेट तारेवरून जातं’ असं मला अनेकदा ऐकू येतं. जात नाही. स्वतःच्या कोणत्याही पत्त्याकडे निघालेलं पॅकेट लिनक्स लोकल राउटिंग टेबल बघून लूपबॅककडेच वळवतो. ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेला तो पत्ता देऊन बघा, डिव्हाइस म्हणून ‘एलओ’ दिसेल. केबल काढून टाकली तरी दोन प्रोग्राम बोलत राहतात ते यामुळेच.

तार नाही, कार्ड नाही, मग उशीर कुठून येतो? लूपबॅकवर टाकलेलं पॅकेट पाठवणाऱ्याच्या सीपीयूच्या बॅकलॉग रांगेत पडतं आणि ती रांग उपसायचं काम सॉफ्टआयआरक्यूचं (इंटरप्टनंतर उरलेलं काम करणारा कर्नेलचा भाग) असतं. खरी मेख इथे आहे. मी वापरलेल्या प्रीएम्प्ट-आरटी कर्नेलमध्ये एका सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यूचा भाग एका वेळी एकच थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारं एक काम) चालवू शकतो; बाकीचे कुलपाशी थांबतात. त्याच सीपीयूवर कॅमेऱ्याच्या पॅकेटची लाट उपसली जात असेल (एका फेरीत ३०० पॅकेटपर्यंत, हा नेहमीचा डिफॉल्ट), तर तुमच्या थ्रेडची प्रायॉरिटी ८० असो की ९०, ती फेरी संपेपर्यंत त्याला थांबावं लागतं. प्रायॉरिटी इनहेरिटन्समुळे अडवणाऱ्याची प्रायॉरिटी चढते, त्याचं काम मात्र कमी होत नाही. याहून वाईट म्हणजे काम केएसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे सोपवलं गेलं, तर तो साध्या प्रायॉरिटीचा असतो आणि त्या सीपीयूवरच्या प्रत्येक रिअल-टाइम थ्रेडच्या मागे उभा राहतो.

मी हे एका गुंडाळणी यंत्रावर एफट्रेस (कर्नेलच्या आत काय चाललंय ते नोंदवणारं साधन) लावून तासन् तास बघितलं आहे. उशिराचे प्रसंग वरवर पाहता कशाशीच जुळत नव्हते. शेवटी कॅमेऱ्याच्या कार्डाच्या इंटरप्टची रेघ आणि आमच्या पाठवण्याची रेघ एकाखाली एक लावली, तेव्हा दिसलं: दोघांच्या वेळा अगदी हळूहळू एकमेकांवरून सरकत होत्या, आणि काही तासांनी एकदा बरोबर एकमेकांवर बसत होत्या. तुमचं ‘काही तासांतून एकदा’ हे वर्णन वाचून मला पहिला संशय याचाच येतो.

पण माझ्या मते तुमचा ड्राइव्ह उशिरामुळे थांबत नाही. उशिरानंतर येणाऱ्या उडीमुळे थांबतो. चार सायकल आकडा आला नाही, कंट्रोलने जुनाच धरून ठेवला, आणि मग चार सायकलची दुरुस्ती एकदम आली. ड्राइव्हला तो सेटपॉइंट (सांगितलेली जागा) गाठता आला नाही, त्याने फॉलोइंग एरर दिला. शिवाय यूडीपी सॉकेटला रांग असते. उशिराच्या काळात चार आकडे तिच्यात साचले आणि कंट्रोल दर सायकलला एकच वाचत असेल, तर दोघांची गती सारखी असल्यामुळे ती रांग पुन्हा कधीच रिकामी होत नाही. एकदा साचलेला चार सायकलचा उशीर कायमचा राहतो. त्या गुंडाळणी यंत्रावर आम्ही अख्खी रात्र सात सायकल जुन्या आकड्यांवर माल काढला होता. कुठेही एरर नव्हती, फक्त कडा वेड्यावाकड्या येत होत्या. तुमच्या कोडमध्ये सॉकेट रिकामं होईपर्यंत वाचून शेवटचाच आकडा घेतला जातो का, ते आजच बघा. शेअर्ड मेमरीकडे जाण्याआधीही एवढ्या एका बदलाने फरक पडेल.

यातून एक भेद पुढे येतो. दुरुस्तीचा आकडा ही ‘स्थिती’ आहे: ताजा आला की आधीचा निरुपयोगी. ‘रेसिपी बदला’ किंवा ‘मोजणी शून्य करा’ ही ‘घटना’ आहे: एकही हरवता कामा नये आणि क्रम महत्त्वाचा. स्थितीला रांग लावली की जुने आकडे साचतात. घटनेला एकच खण दिला की आज्ञा हरवतात. सॉकेट दोघांनाही रांगच देतं. शेअर्ड मेमरीत प्रत्येकाला त्याच्या जातीची जागा देता येते.

स्थितीसाठी मी तीन खणांची रचना वापरतो. मेमरीत एकाच प्रकारच्या रेकॉर्डचे तीन खण. एक खण कायम लिहिणाऱ्याचा, एक वाचणाऱ्याचा, एक मधला. लिहिणारा आपल्या खणात पूर्ण रेकॉर्ड भरतो आणि मग एकाच अॅटॉमिक (मधेच तुटू न शकणाऱ्या) अदलाबदलीने आपला खण मधल्याशी बदलतो. बदलताना ‘नवं आहे’ असा एक बिट लावतो. वाचणारा सायकलच्या सुरुवातीला तो बिट बघतो. लागलेला असेल तर आपला खण मधल्याशी बदलून घेतो, नसेल तर हातातलंच रेकॉर्ड पुन्हा वापरतो. कुलूप नाही, पुन्हा प्रयत्न नाही, वाट पाहणं नाही. दृष्टीचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, प्रोग्राम मधेच मेला तरी कंट्रोलच्या हातात एक पूर्ण, न फाटलेलं रेकॉर्ड असतंच. याला लागणारा वेळ एक मायक्रोसेकंदाच्या आत बसतो. तुलनेसाठी, १०० मेगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान फ्रेमलाच प्रिअँबल आणि मधलं अंतर धरून ६.७२ मायक्रोसेकंद लागतात, पूर्ण लांबीच्या फ्रेमला १२३, आणि स्विच आधी पूर्ण घेऊन मग पाठवणारा असेल तर पुन्हा तेवढेच.

पुष्कळ जण याऐवजी सीक्वेन्स लॉक वापरतात: लिहिण्याआधी आणि नंतर एक क्रमांक वाढवायचा, वाचणाऱ्याने वाचनाच्या आधी-नंतर तो ताडून बघायचा, जुळला नाही तर पुन्हा वाचायचं. कंट्रोलकडून स्क्रीनकडे आकडे द्यायला हे उत्तम आहे, कारण लिहिणारा रिअल-टाइम आहे आणि पुन्हा पुन्हा वाचायचा त्रास स्क्रीनला होतो. तुमची दिशा उलटी आहे. लिहिणारा कमी प्रायॉरिटीचा, वाचणारा जास्त. दोघे एकाच सीपीयूवर असतील आणि लिहिता लिहिता मधेच कंट्रोलने त्याला बाजूला सारलं, तर कंट्रोल अर्धवट रेकॉर्ड बघत फिरत राहील आणि ते पूर्ण करू शकणाऱ्याला सीपीयू मिळणारच नाही. अशा वेळी लिनक्सचं रिअल-टाइम थ्रॉटलिंग (सेकंदातले ९,५०,००० मायक्रोसेकंद रिअल-टाइम कामाला, उरलेले बाकीच्यांना) सुरू असेल तर यंत्र अडखळत चालतं; ते बंद केलेलं असेल, आणि रिअल-टाइमवाले ते बहुतेकदा बंद करतात, तर तो सीपीयू गोठतो.

म्युटेक्सच (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावायचा असेल तर तीन गुण मागून घ्या: प्रोसेसच्या सीमेपलीकडे चालणारा, प्रायॉरिटी इनहेरिटन्स असलेला, आणि धरणारा मेला तर पुढच्याला कळवणारा, म्हणजे रोबस्ट. तिन्ही गुण पॉसिक्स या मानकात आहेत आणि तिन्ही डिफॉल्टने बंद असतात. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं ते इनहेरिटन्स बंद असल्यानेच. हवामानाचं कमी प्रायॉरिटीचं काम म्युटेक्स धरून बसलेलं, मधल्या प्रायॉरिटीचं काम त्याला चालू देत नव्हतं, आणि बसवर डेटा वाटणारं वरच्या प्रायॉरिटीचं काम त्या म्युटेक्ससाठी अडकलेलं. वेळ चुकली की वॉचडॉग यान रीसेट करायचा. पृथ्वीवरून इनहेरिटन्सचा पर्याय चालू केल्यावर ते थांबलं. तिथेही बिघाड बसच्या तारेत नव्हता. एकाच संगणकावरच्या कामांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीत होता.

मेमरीच्या क्रमाबद्दल एक अनुभव सांगतो, कारण ही चूक चाचणीत पकडली जात नाही. तीन खणांचं माझं पहिलं रूप मी साध्या व्हेरिएबलवर, अॅटॉमिक न वापरता लिहिलं होतं. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) ते वर्षभर बिनबोभाट चाललं. तोच कोड एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर नेला आणि क्वचित कधी एक्सचा आकडा नवा, वायचा जुना असं रेकॉर्ड यायला लागलं. एक्स८६ वर लिहिण्याचा क्रम दुसऱ्या कोअरला तसाच दिसतो; एआरएमला ते बंधन नाही, तिथे खणाचा क्रमांक आधी आणि खणातला मजकूर नंतर दिसू शकतो. रेकॉर्डच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच सायकल क्रमांक लिहून ते दोन ताडून बघितले, तेव्हा चोर सापडला. सी भाषेच्या सी ११ आवृत्तीचे अॅटॉमिक वापरा: लिहिणाऱ्याच्या बाजूला रिलीज (आधीचं लिहिणं आधीच दिसेल), वाचणाऱ्याच्या बाजूला अक्वायर (नंतरचं वाचन नंतरच होईल), अदलाबदलीला दोन्ही. ते दुहेरी क्रमांक मी आजही ठेवतो, आठ बाइट जातात तर जाऊ देत.

बाकीची तयारी पटकन. शेअर्ड मेमरी सायकल सुरू होण्याआधी उघडा, तिच्या प्रत्येक पानाला एकदा हात लावा आणि ‘एमलॉकऑल’ (पानं मेमरीतच अडकवून ठेवायची आज्ञा) करा, कारण ती टीएमपीएफएसवर (मेमरीतली फाइल सिस्टिम) असते, पान पहिल्या स्पर्शाला तयार होतं आणि स्वॅपमध्येही जाऊ शकतं. सुरुवातीला रचनेची आवृत्ती आणि आकार लिहा. दोन प्रोग्राम वेगवेगळ्या दिवशी बिल्ड झालेले असणारच. खणांचा क्रमांक आणि खणांतला डेटा वेगळ्या कॅशे लाइनवर (प्रोसेसर एका दमात उचलतो तेवढा मेमरीचा तुकडा) ठेवा, बहुतेक प्रोसेसरवर ६४ बाइटच्या. घटनांसाठी एक लिहिणारा, एक वाचणारा अशी गोल रांग पुरते. ती भरली तर थांबू नका, नाकारल्याची मोजणी वाढवा आणि ती मोजणी स्क्रीनवर दाखवा. आणि आणीबाणीचा थांबा यातून कधीही नेऊ नका. तो सुरक्षा सर्किटचा किंवा सुरक्षा प्रोटोकॉलचा विषय आहे. तुमचं प्रोग्रामिंग कितीही चोख असलं तरी.

आता वेळेबद्दल. जुन्या मांडणीत दुरुस्तीची फ्रेम नेटवर्कवरून यायची आणि कंट्रोल ती पुढच्या सायकलला वापरायचा. उशीर होता, पण तो कायम एक सायकल होता, आणि तुमचा रेग्युलेटर (चूक बघून दुरुस्ती देणारा कंट्रोलचा भाग) तो धरूनच ट्यून झाला आहे. आता दृष्टीचा प्रोग्राम आकडा मेमरीत टाकतो तो कधी कंट्रोलने वाचण्याच्या जरा आधी, कधी जरा नंतर. आधी पडला तर उशीर शून्य, नंतर पडला तर एक सायकल. सरासरी सुधारली आणि यंत्र मात्र बिघडलं, कारण रेग्युलेटरला कायमचा एक सायकल उशीर सोसतो, शून्य-एक-शून्य-एक असा डोलणारा उशीर सोसत नाही. वेगात असलेल्या अक्षावर तो डोलणारा एक मिलिसेकंद सरळ जागेतल्या चुकीत उतरतो: सेकंदाला १ मीटर वेग असेल तर १ मिलिमीटर.

म्हणून प्रत्येक रेकॉर्डवर सायकल क्रमांक घाला आणि नियम करा: सायकल ‘न’ च्या मोजमापातून काढलेला आकडा ‘न अधिक २’ या सायकललाच वापरायचा, त्याआधी आला तरी. दृष्टीचा प्रोग्राम कंट्रोलच्या इशाऱ्यावर नव्हे, घड्याळावर उठवा. दोघेही ‘क्लॉक नॅनोस्लीप’ पक्क्या वेळेवर लावून झोपतील: कंट्रोल सायकलच्या सुरुवातीला, दृष्टी समजा ४०० मायक्रोसेकंदांनी. मग एकमेकांना जागं करायची गरजच राहत नाही.

टीएसएन (वेळेचं बंधन पाळणारं इथरनेट) नेटवर्कवर हीच गोष्ट आणखी ठळक होते. ८०२.१ क्यूबीव्ही या मानकातली वेळेची दारं (ठरल्या वेळीच उघडणारी) कार्डाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर असतात. लूपबॅकला आणि शेअर्ड मेमरीला असं दार नाही. एकच आकडा तुम्ही बाहेरच्या यंत्राला आणि शेजारच्या प्रोग्रामला देत असाल, तर शेजाऱ्याला तो आधी मिळतो. दोघांनी मिळून काही करायचं असेल, जसं दोन अक्ष एकत्र हलवायचे, तर लोकल प्रतीलाही ‘या वेळेआधी वापरू नका’ असा शिक्का हवा. तो शिक्का देताना घड्याळ कोणतं ते पाहा. पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) जुळवलेलं कार्डाचं घड्याळ सहसा टीएआय (लीप सेकंद न घालणारी अणुवेळ) मोजतं, सिस्टिमचं नेहमीचं घड्याळ यूटीसी (लीप सेकंद घालणारी वेळ), आणि २०१७ पासून दोघांत ३७ सेकंदांचं अंतर आहे. एका प्रोग्रामने कार्डाची वेळ घातली आणि दुसऱ्याने सिस्टिमच्या वेळेशी ताडली, की प्रत्येक आकडा ३७ सेकंद भविष्यातला दिसतो. लॉगमध्ये ३७ दिसलं की समजा दुसरं काही नाही, हेच आहे.

तुमची मांडणी वेगळी असती तर काय, हे थोडक्यात. पुढे कुणाला लागेल. झेनोमायवर (लिनक्सला जोडलेला वेगळा रिअल-टाइम गाभा) आरटीनेट (त्याचा नेटवर्कचा भाग) वापरत असाल तर त्याचा लूपबॅक लिनक्सच्या लूपबॅकपेक्षा वेगळा असतो: स्वतंत्र मॉड्यूल, ‘आरटीएलओ’ नावाचा इंटरफेस, तो वेगळा सुरू करावा लागतो, विसरलात तर बाहेरच्यांशी बोलणं होतं आणि स्वतःशी नाही. झेनोमायच्या रिअल-टाइम थ्रेडमधून साधं लिनक्स सॉकेट वापरलं तर तो थ्रेड दुय्यम मोडमध्ये, म्हणजे साध्या लिनक्सच्या हाती, घसरतो. आकडेवारीतला ‘एमएसडब्ल्यू’ (मोड किती वेळा बदलला) रकाना वाढताना दिसेल. साध्या प्रोग्रामशी बोलायला तिथे एक्सडीडीपी हा प्रोटोकॉल आहे, रिअल-टाइम थ्रेडमध्ये आपसांत आयडीडीपी.

डीडीएस (प्रोग्राममध्ये डेटा वाटायचं एक मानक) वापरणाऱ्यांचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. एका संगणकावर अनेक सहभागी असतील हे त्यात मुळापासून धरलं आहे, म्हणून पोर्ट क्रमांक ७४०० पासून डोमेन आणि सहभागी यांच्या क्रमांकावरून काढले जातात. फास्ट डीडीएस या त्याच्या एका रूपाला स्वतःचं शेअर्ड मेमरी ट्रान्सपोर्टही आहे. मात्र दोन कंटेनर (वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्राम) एकाच नेटवर्क नेमस्पेसमध्ये (कर्नेलने वेगळा ठेवलेला कप्पा) आणि शेअर्ड मेमरी मात्र वेगवेगळी असेल, तर ते एकमेकांना शोधतात, एकाच यंत्रावर आहोत असं ठरवतात, आणि मग एकही आकडा पोहोचत नाही. आयपीसी (प्रोग्रामांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीचं) नेमस्पेसही एक करा.

साध्या यूडीपी मल्टिकास्टमध्ये (एक पॅकेट अनेकांना) स्वतःच्या संगणकावर प्रत यावी की नाही हा पर्याय लिनक्समध्ये पाठवणाऱ्याच्या सॉकेटवर लागतो आणि विंडोजमध्ये घेणाऱ्याच्या. दोन्हीकडे चालणारा कोड लिहिताना यात पाय अडकतो. एकाच पोर्टवर दोन प्रोग्राम बसवले तर मल्टिकास्ट दोघांनाही मिळतो, युनिकास्ट (एकाच पत्त्यावर पाठवलेलं) फक्त एकाला. जुना फ्रेमवाला कोड चाचणीपुरता जिवंत ठेवायचा असेल तर व्हीईटीएचची (एकमेकांना जोडलेली आभासी नेटवर्क कार्डं) जोडी करून दोन प्रोग्राम तिच्या दोन टोकांना बसवा. फ्रेम पोहोचतील, पण तीही वाट सॉफ्टआयआरक्यूतूनच जाते, म्हणून उत्पादनात नको. दोन कार्डं केबलने एकमेकांना जोडणारेही पाहिले आहेत. फ्रेम जाते-येते, पण दोन ड्राइव्हर, दोन इंटरप्ट आणि एक केबल, एवढे बिघाडाचे मुद्दे वाढवून जे मिळतं ते शेजारच्या मेमरीत आधीच होतं.

मोजताना सरासरी मोजू नका. कंट्रोलच्या प्रत्येक सायकलमध्ये ‘हातातलं रेकॉर्ड किती सायकल जुनं आहे’ एवढा एकच आकडा काढा आणि त्याचा हिस्टोग्राम ठेवा. कॅमेऱ्याचं कार्ड पूर्ण भाराखाली, डिस्कवर लिहिणं सुरू, स्क्रीनवर कुणीतरी पानं उलटतंय, अशा अवस्थेत २४ तास चालवा. सायक्लिकटेस्टचे आकडे चांगले आले म्हणून समाधान मानू नका. ते थ्रेड वेळेवर उठला का ते सांगतं, त्याच्या हातात ताजा आकडा होता का ते नाही.

तुमच्या यंत्रावर मी या क्रमाने जाईन. आधी सॉकेट दर सायकलला पूर्ण रिकामं करणं. मग कॅमेऱ्याच्या कार्डाचे इंटरप्ट कंट्रोलच्या सीपीयूवरून हलवणं. मग तीन खण आणि सायकल क्रमांक. आणि सगळ्यात शेवटी, पण वगळू नये असं: आकडा शिळा झाला तर काय करायचं ते कंट्रोलमध्ये लिहून ठेवणं. वय दोन सायकल असेल तर नेहमीप्रमाणे वापरा. त्याहून जास्त असेल तर शेवटची दुरुस्ती धरून ठेवा. ताजा आकडा परत आला की एकदम त्यावर उडी न मारता ड्राइव्हला झेपेल एवढाच बदल दर सायकलला द्या. आणि तुमच्या यंत्राच्या वेगाला जी मर्यादा योग्य वाटेल ती ओलांडल्यावर दुरुस्तीशिवाय, नियंत्रित वेगाने थांबा. ही मर्यादा किती सायकलची ठेवायची ते नेटवर्कवाल्याने ठरवू नये. अक्षाच्या वेगावरून आणि मालाला सोसणाऱ्या चुकीवरून यंत्र चालवणाऱ्याबरोबर बसून ठरवा.